ओव्हरलँड सफारी ठरवताना: विंडहोक ते व्हिक्टोरिया फॉल्स

प्रश्न असा आला आहे: पुण्यातली तीन कुटुंबं, एकूण नऊ जण. त्यात १३ आणि १६ वर्षांची दोन मुलं आणि ६६ वर्षांच्या सासूबाई. पुढच्या वर्षी आफ्रिकेच्या दक्षिण भागात ओव्हरलँड सफारीला, म्हणजे ट्रकने एकामागून एक देश ओलांडत, तंबूत राहत करायच्या प्रवासाला जायचं आहे. मसाई मारा झालं आहे, पण तिथल्यासारखी धावपळ पुन्हा नको. प्रत्येक ऑपरेटर स्वतःला ‘जबाबदार’ म्हणवतो आणि प्रत्येकाचा ग्रुप ‘स्मॉल’ असतो, मग खरं कोणाचं मानायचं? मार्ग कोणता, महिना कोणता, आणि चौघं शाकाहारी आहेत त्यांचं काय?

मी गेली चौदा वर्षं मराठी मंडळींचे लहान गट घेऊन नामिबिया, बोट्स्वाना, झिंबाब्वेत जाते आहे. पहिला सल्ला एवढाच, की वेबसाइटवरचं ‘आमची मूल्ये’ हे पान बाजूला ठेवा आणि दिवसवार इटिनररी मागवून घ्या. ती हातात आली की पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक दिवसापुढे किती किलोमीटर ते लिहा आणि प्रत्येक रात्रीपुढे ती जागा कोणाची ते लिहा. दुसरा रकाना भरता आला नाही तर ऑपरेटरला विचारा. तो किती सहज उत्तर देतो, त्यावरून निम्मं कळतं.

किलोमीटरपासून सुरू करते. या भागातला सगळ्यात खपणारा ओव्हरलँड कार्यक्रम म्हणजे केपटाउन ते व्हिक्टोरिया फॉल्स, वीस दिवसांत साधारण साडेपाच हजार किलोमीटर. म्हणजे सरासरी रोजचे पावणेतीनशे. त्यातले चार-पाच दिवस मुक्कामाचे धरले की उरलेल्या दिवसांना साडेतीनशेच्या आसपास जातात, आणि त्यात बराच रस्ता ग्रॅव्हलचा, जिथे ताशी ऐंशीच्या वर कुणी शहाणा ड्रायव्हर जात नाही. पहाटे पाचला तंबू काढायचा, दिवसभर ट्रकमध्ये बसायचं, संध्याकाळी पुन्हा तंबू ठोकायचा. अशा वेगात गावात थांबून भाजी घेणं होत नाही, स्थानिक गाइडबरोबर दोन तास चालणं होत नाही. वेळ वाचवायला सगळं सामान मोठ्या शहरातल्या सुपरमार्केटमधून भरलं जातं आणि वाटेतल्या गावांना आपल्याकडून मिळते ती फक्त धूळ. तुम्हाला नकोशी वाटलेली धावपळ आणि स्थानिकांपर्यंत पैसा न पोचणं, या दोन्हींचं मूळ त्या किलोमीटरच्या रकान्यात सापडतं.

म्हणून मी केपटाउन सोडून देते आणि नामिबियाच्या राजधानीपासून, विंडहोकपासून सुरुवात करते. सतरा-अठरा रात्री, तीन-साडेतीन हजार किलोमीटर आणि शक्य तिथे दोन-दोन, तीन-तीन रात्री एकाच जागी.

आता ‘स्मॉल ग्रुप’. बाजारात बारा जणांनाही स्मॉल म्हणतात आणि चोवीस जणांनाही. आकड्याचा फरक कुठे पडतो ते बोट्स्वानातल्या ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात दिसतं. मोकोरो म्हणजे तिथली अरुंद, उथळ होडी. एका मोकोरोत दोन प्रवासी आणि मागे उभा राहून लांब काठीने ती ढकलणारा पोलर. तुम्ही नऊ जण म्हणजे पाच मोकोरो, सामानाच्या एक-दोन आणखी. चोवीस जणांचा ताफा झाला की पंधरा-सोळा होड्या एकामागोमाग त्याच वाटेने वेत मोडत जातात आणि रात्री सगळे एकाच बेटावर उतरतात. तिथे संडास म्हणजे खणलेला खड्डा. नऊ जणांचा खड्डा माती लोटून दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही, चोवीस जणांचा येतो. माझी मर्यादा बाराची आहे. तुम्ही नऊ आहात, तेव्हा कुणाच्या ठरलेल्या तारखेत घुसण्यापेक्षा स्वतंत्र बारा आसनी ट्रक, ड्रायव्हर-गाइड आणि कुक असा खाजगी कार्यक्रमच मागा. ठरलेल्या तारखांच्या ग्रुपमध्ये बऱ्याचदा वयाची किमान अट असते, ती अडचणही त्याने जाईल.

दुसरा रकाना, रात्रीच्या जागेचा. यासाठी नामिबियातली एक गोष्ट माहीत असायला हवी. स्वातंत्र्याआधी सामाईक जमिनीवर राहणाऱ्या शेतकरी-पशुपालकांचा वन्यप्राण्यांवर काहीच हक्क नव्हता. हत्तीने पाण्याची टाकी फोडली, सिंहाने गाय मारली, तर नुकसान त्यांचं, आणि प्राणी पाहायला येणाऱ्यांचा पैसा भलतीकडे. १९९६ मध्ये कायदा बदलला. गावकऱ्यांनी हद्द ठरवून, सभासद नोंदवून, समिती निवडून कॉन्झर्व्हन्सी स्थापन केली, तर त्या हद्दीतल्या प्राण्यांपासून आणि पर्यटनापासून मिळणारं उत्पन्न त्यांचं. पहिल्या कॉन्झर्व्हन्सी १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या. आज त्या ८६ आहेत आणि देशाचा सुमारे पाचवा भाग त्यांच्याखाली येतो.

आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यात ज्यांच्या केळीच्या आणि माडांच्या बागा हत्तींनी झोपवल्या त्यांना विचारा, हत्ती वाचवा म्हणणाऱ्यांबद्दल त्यांना काय वाटतं. नामिबियाच्या ईशान्य टोकाच्या झांबेझी प्रांतातल्या (जुनं नाव कॅप्रिव्ही) मक्याच्या शेतकऱ्यालाही तेच वाटतं. फरक इतकाच, की तिथे आपण ज्या कॅम्पसाइटवर उतरतो तिचं भाडं कॉन्झर्व्हन्सीच्या खात्यात गेलं, तर त्यातून गेम गार्डचा, म्हणजे प्राण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या रखवालदाराचा पगार होतो, गावचा पंप दुरुस्त होतो, आणि हत्ती शेतात आला म्हणून लगेच बंदूक काढायची वेळ येत नाही. म्हणून ऑपरेटरला प्रश्न असा विचारा: ‘सतरा रात्रींपैकी किती रात्री कॉन्झर्व्हन्सीच्या किंवा गावच्या ट्रस्टच्या जागेत आहेत? त्यांची नावं द्या.’ स्पिट्झकोपेचे गुलाबी ग्रॅनाइटचे डोंगर, बोट्स्वानात ख्वाई गावच्या ट्रस्टची मागोथो कॅम्पसाइट, मकगादिकगादीच्या काठावरचं नाता पक्षी अभयारण्य, जे आसपासच्या चार गावांचा ट्रस्ट चालवतो, अशी उत्तरं आली तर माणसाला प्रदेश माहीत आहे. सगळ्याच रात्री तशा असू शकत नाहीत. एटोशा राष्ट्रीय उद्यानात आणि नामिब वाळवंटातल्या सेसरिएमला सरकारी कॅम्प आहेत आणि तिथे राहायलाच हवं. पण सतरापैकी चार-पाचसुद्धा नसतील तर ‘स्थानिक समाजाला हातभार’ हे वाक्य त्या कंपनीने खोडून टाकावं.

यातली एक बाजू तुम्हाला नंतर वाचून धक्का बसण्यापेक्षा आत्ताच सांगते. बऱ्याच कॉन्झर्व्हन्सींच्या उत्पन्नात परवानाधारक शिकारीचा, ट्रॉफी हंटिंगचा पैसाही असतो. बोट्स्वानाने २०१४ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि २०१९ मध्ये उठवली. २०२४ च्या दुष्काळात नामिबिया सरकारने लोकांना मांस वाटण्यासाठी ७२३ प्राणी मारायचं ठरवलं, त्यात ८३ हत्ती होते. माझ्या गटातल्या एका आजोबांनी हे ऐकून ‘मग आपण इथे यायचंच कशाला’ असं विचारलं होतं. माझं मत असं झालं आहे, की मी शिकारीच्या बाजूची नाही, पण त्या गावांवर बहिष्कार घालण्याच्याही बाजूची नाही. जिथे पर्यटकांचा ट्रक पोचतच नाही तिथे शिकाऱ्याचाच पैसा उरतो. कॅमेरा घेऊन येणाऱ्यांनी दोन रात्री जास्त राहावं, यापलीकडे मला दुसरा मार्ग दिसत नाही.

इटिनररीत आणखी एक गोष्ट शोधायची: प्राण्याला हात लावायला देणारी कुठलीही ॲक्टिव्हिटी. सिंहाचे छावे मांडीवर घेणं, सिंहांबरोबर ‘वॉक’, हत्तीवर स्वारी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी स्वतः एका गटाला अशा छाव्यांच्या केंद्रात नेलं होतं. मुलं खूश होती. एका मुलीने विचारलं, ‘यांची आई कुठे आहे?’ कर्मचाऱ्याने सांगितलं, आईने टाकून दिलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाबरोबर तिथेच गेले. छावे तेवढेच लहान होते, पण वेगळे होते, आणि उत्तर तेच होतं. आधीचे कुठे गेले, हे कुणी सांगेना. त्यानंतर मी चौकशी केली आणि कळलं ते असं: छावे जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईपासून तोडतात, म्हणजे ती लवकर पुन्हा माजावर येते. मांडीवर घेण्याचं वय गेलं की ते ‘वॉक’ला जातात आणि त्यानंतर बऱ्याचदा कुंपणातल्या शिकारीला किंवा हाडांच्या व्यापाराला. दक्षिण आफ्रिकेत असे हजारो सिंह पिंजऱ्यात वाढवलेले आहेत. तिथल्याच सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने २०२१ मध्ये ही पैदास बंद करण्याची शिफारस केली. त्या मुलीचा प्रश्न मला आजही टोचतो, कारण तो मी विचारायला हवा होता.

त्याऐवजी ओत्जिवारोंगोजवळच्या चीता कॉन्झर्व्हेशन फंडला अर्धा दिवस द्या. लॉरी मार्कर यांनी १९९० मध्ये ती संस्था सुरू केली. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचे, आणि त्या कामात या संस्थेचा मोठा वाटा होता, त्यामुळे आपल्या माणसांना तिथे लगेच आपलेपणा वाटतो. तिथे चित्त्याला हात लावू देत नाहीत. पाहायची गोष्ट वेगळीच आहे: कांगाल जातीची दांडगी कुत्री. शेळ्या-मेंढ्यांबरोबरच वाढवलेली ही पिल्लं शेतकऱ्यांना देतात. कुत्रा कळपाबरोबर राहतो, भुंकून चित्त्याला हाकलतो, शेळी वाचते आणि शेतकऱ्याला चित्ता मारायचं कारण उरत नाही. १९९४ पासून हे चालू आहे. तुमच्या १३ वर्षांच्या मुलाला संरक्षण म्हणजे काय हे इथे एका तासात कळेल.

माणसांच्या बाबतीत मी अधिक काळजी घेते. हिंबा जमातीच्या बायकांचे गेरू आणि लोणी माखलेले केस, सान लोकांची धनुष्यं, हे सगळं ब्रोशरमध्ये असतंच. गाडी थांबवायची, मुलांना चॉकलेटं वाटायची, फोटो काढायचे आणि निघायचं, असा कार्यक्रम असेल तर तो खोडायला सांगा. चॉकलेटांमुळे मुलं शाळा सोडून रस्त्यावर उभी राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ग्राशूकला जुंत्वासी सान लोकांचं स्वतःचं ‘लिव्हिंग म्युझियम’ आहे, २००४ पासून. ते तिथले लोकच चालवतात, दर त्यांचे, पैसे त्यांचे. जुनं कातड्याचं वस्त्र घालून ते आग पेटवून दाखवतात, कंद कसा ओळखायचा ते दाखवतात, आणि कार्यक्रम संपल्यावर जीन्स घालून तुमच्याशी बोलायला बसतात. काही प्रवाशांना ही जीन्स खटकते. मला तीच आवडते. समोरचा माणूस आपल्या आजोबांचं ज्ञान दाखवतो आहे, तो स्वतः आजच्या काळात आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

मोकोरोबद्दल वर ओझरतं लिहिलं, पण संपूर्ण प्रवासात माझी सगळ्यात आवडती जागा तीच, म्हणून थोडं सविस्तर. ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या डोंगरात पावसाळ्यात पडलेलं पाणी महिनोन् महिने सरकत इथल्या वाळूत येऊन पसरतं, त्यामुळे बोट्स्वानात पाऊस संपून सगळं कोरडं झाल्यावर, जून ते ऑगस्टच्या सुमाराला, इथे पूर येतो. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतलं हजारावं ठिकाण म्हणून २०१४ मध्ये याच त्रिभुज प्रदेशाची नोंद झाली. मोकोरो पूर्वी एका मोठ्या झाडाच्या खोडातून कोरत. झाड वाढायला पिढ्या लागत आणि होडी काही वर्षांतच कुजे. आता बहुतेक मोकोरो फायबरग्लासच्या आहेत. ‘खरी लाकडी हवी’ असा हट्ट कुणी धरला तर मी त्यांना हे सांगते.

त्या होडीत बसलं की आपली नजर पाण्यापासून फूटभर वर असते. कमळाची पानं कानाजवळून जातात. वेताच्या काडीवर नखाएवढा बेडूक चिकटून बसलेला, अंगावर पट्टे, पाय आत घेतलेले. मागच्या जूनमध्ये आमचा पहिला पोलर मध्येच थांबला. काठी तळात रोवून नुसता उभा राहिला. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. मिनिटभराने दूरवर पाणघोड्याचा तो खोल, हसल्यासारखा आवाज आला. त्याने मागच्या सगळ्यांना हाताने वळायला सांगितलं आणि आम्ही दुसऱ्या पाटाने गेलो, पाऊण तास जास्त लागला. पाणघोडा जवळून पाहायला मिळाला नाही म्हणून गटात कुणी कुरकुर केली नाही, कारण त्या मिनिटात सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहिला होता. हा माणूस परवानाधारक गाइड असतो. माऊनजवळच्या गावांत ओकावांगो कोपानो मोकोरो कम्युनिटी ट्रस्टसारख्या संस्था पोलरांना पाळीपाळीने काम देतात. तुमचे पोलर कोणत्या ट्रस्टचे आहेत, हेही विचारून ठेवा. टिप ट्रक लीडरकडे एकत्र न देता ज्याच्या त्याच्या हातात द्या.

याच भागातल्या एत्शा गावांत टोपल्या विणतात, मोकोला पामच्या पानांच्या. तपकिरी रंग झाडांच्या मुळ्यांपासून काढतात. नक्ष्यांना नावं आहेत: झेब्र्याचं कपाळ, जिराफाचे अश्रू. विणणारणीच्या हातून घ्या आणि घासाघीस आवरा, एका टोपलीला कित्येक आठवडे लागतात. हस्तिदंत, कातडी, कासवाची पाठ असलं काहीही घेऊ नका. ते बेकायदा आहे आणि विमानतळावर अडकाल.

रस्त्यावरच्या शिस्तीचं थोडक्यात. सूर्यास्तानंतर ट्रक चालणार नाही, असं लेखी घ्या. बोट्स्वानात आणि कॅप्रिव्हीत रस्त्यावर गाढवं, गुरं आणि हत्ती असतात. किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडजवळच्या खडकाळ माळावर लायकेन, म्हणजे दगडफुलाच्या जातीचे जीव असतात, समुद्राच्या धुक्यावर जगणारे, आणि त्यांच्यावरून एकदा गाडी गेली की चाकोरी अनेक दशकं तशीच राहते. त्यामुळे तिथे क्वाड बाइक मी कार्यक्रमात घेत नाही. पार्कमध्ये शेकोटीसाठी वाळलेली फांदीही उचलायची नाही, लाकूड गावातून विकत घ्यायचं. पाण्याची मोठी टाकी ट्रकवर असली की प्लास्टिकच्या बाटल्यांची गरज नाही. विंडहोकच्या नळाचं पाणी बेधडक प्या. हे शहर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या पाण्यात मिसळतं. हे समजल्यावर माझ्या गटातली माणसं सेसरिएमला शॉवरखाली दोन मिनिटांवर येतात, मला काही सांगावं लागत नाही.

बोट्स्वानाच्या हद्दीवर एक प्रकार होईल, त्याला कंटाळू नका. सगळ्यांनी खाली उतरायचं, औषधाने भिजवलेल्या पोत्यावर बूट दाबायचे, ट्रकने त्याच औषधाच्या डबक्यातून जायचं, आणि बॅगेतले जादा बूटसुद्धा काढून पुसायचे. लाळ्या-खुरकत रोगासाठी हे चालतं. रानम्हशींकडून तो गुरांना लागतो, आणि बोट्स्वानाचं गोमांस युरोपात जातं. याच कारणासाठी देशभर कुंपणं घातली गेली, आणि १९५८ च्या कुके कुंपणाने तर पाण्याकडे निघालेल्या विल्डबीस्टांचे कळप अडवून मारले. एक ओलं पोतं आणि त्यामागे शेतकरी, बाजारपेठ, वन्यप्राणी यांचा सगळा तंटा. मी तिथे उभं राहून गटाला हे सांगते.

मार्ग मी असा धरीन. विंडहोकला एक रात्र. सेसरिएमला दोन, कारण आत मुक्काम असेल तर गेट तासभर आधी उघडतं आणि डेडव्लेई या कोरड्या तळ्यापाशी गर्दीआधी पोचता येतं. तिथली काळी पडलेली झाडं कित्येक शतकांपूर्वी मेलेली आहेत, हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. त्यांना टेकून फोटो काढायचा मोह आवरा. मग स्वाकोपमुंड दोन, स्पिट्झकोपे एक, त्वायफेलफोन्टेनच्या बाजूला दोन. तिथे खडकांवर कोरलेली दोन हजारांवर चित्रं आहेत आणि स्थानिक गाइडबरोबरच जावं लागतं. एटोशात तीन रात्री. चित्ता संस्थेसाठी एटोशाकडून परतताना दक्षिणेला ओत्जिवारोंगोपर्यंत यावं लागतं, तिथे एक रात्र धरा. मग ग्राशूकला आत वळून रुंदू, पुढे मोहेम्बोवरून बोट्स्वानात एत्शाच्या बाजूला दोन-तीन रात्री, परत वर येऊन कॅप्रिव्हीतून कासाने आणि शेवटी व्हिक्टोरिया फॉल्स. कासानेला चोबे नदीच्या काठी पहाटेची गर्दी ताडोबातल्या जिप्सींच्या गर्दीसारखीच होते. लहान बोट मागा आणि दुपारची सफारी घ्या.

या मार्गात नामिबियात दोनदा शिरावं लागतं, म्हणून व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच हवा. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. पासपोर्टवर भरपूर कोरी पानं ठेवा. मुलांच्या जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत जवळ असू द्या आणि एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र. अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जाणार असाल तर यलो फीव्हरची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या, तिचं कार्ड तेव्हाच वैध होतं. आणि ‘आम्ही भारतातले, आम्हाला मलेरियाचं काय’ असं म्हणू नका. नामिब वाळवंटात धोका नाही, पण कॅप्रिव्ही, ओकावांगो, व्हिक्टोरिया फॉल्स इथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, पण नक्की घ्या.

महिना. शाळांमुळे तुमच्यापुढे मे-जून आणि दिवाळी हे दोनच पर्याय दिसतात. मी मे अखेर ते जून मध्य घेईन. पाऊस संपलेला असतो, डास कमी, ओकावांगोत पाणी येत असतं, आणि व्हिक्टोरिया फॉल्स इतका भरलेला असतो की तुषारांमुळे कधीकधी धबधबाच दिसत नाही, पण त्याचा गडगडाट छातीत जाणवतो. रात्री मात्र शून्याच्या आसपास जातात, स्लीपिंग बॅग चांगली हवी. दिवाळीत पारा चाळिशीला टेकतो आणि झांबियाच्या बाजूचा धबधबा जवळजवळ कोरडा पडतो. प्राणी तेव्हा पाणवठ्यावर सगळ्यात जास्त दिसतात हे खरं, पण सासूबाईंना त्या उन्हात तंबूत ठेवणं मला पटत नाही.

शाकाहाराचं सोपं आहे, फक्त बोलावं लागतं. कुकला ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगितलं तर तो भाजी मांसाच्या रश्श्यात शिजवू शकतो, त्याच्या लेखी त्यात मांस नाही. म्हणून वेगळा पोयकी, म्हणजे तीन पायांचं बिडाचं भांडं, फक्त शाकाहारी स्वयंपाकासाठी ठेवायला पहिल्या दिवशीच सांगा. लाल भोपळा, पालेभाज्या, मका, कडधान्यं वाटेत मिळतात. घरून बेसन, मेतकूट, मसाले असं कोरडं आणि पॅकबंद तेवढंच न्या आणि सीमेवर ते जाहीर करा. दूध-तूप, मांस, ताजी फळं नेऊ नका. आमच्या कुकने एकदा ‘पाप’बरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या तिथल्या घट्ट उकडीबरोबर पिठलं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मागून घेतलं. भाकरीशिवाय पिठलं इतकं जमेल असं मलाही वाटलं नव्हतं.

सासूबाईंबद्दल. ६६ वय अडचणीचं नाही, गुडघे असू शकतात. ओव्हरलँड ट्रकच्या पायऱ्या उंच असतात आणि डोम तंबूत रांगत शिरावं लागतं. सेसरिएमखेरीज बहुतेक ठिकाणी तंबूच्या जागेजवळच साध्या खोल्या असतात, तिथे त्यांच्यासाठी ‘अपग्रेड’ आधीच घ्या आणि ट्रकमध्ये पुढची जागा राखून ठेवा. मोकोरोत दोन तास मांडी न घालता पाय पसरून बसता येईल का, हे घरीच जमिनीवर बसवून पाहा. नाही जमलं तर काठावरच्या कॅम्पवर त्यांच्यासोबत एकाने राहायचं, तिथेही संध्याकाळी हत्ती येतात.

एटोशात ओकाऊकुएयोचा पाणवठा तर त्यांच्यासाठीच आहे. कॅम्पच्या दगडी भिंतीला लागून बाकं, समोर पाणी, रात्रभर मंद उजेड. माझी आई तिथे शाल पांघरून रात्री दीडपर्यंत बसली होती. काळा गेंडा पिल्लाला घेऊन आला. पिल्लू दगडावरून घसरलं, गेंड्याने मागे वळून पाहिलं आणि ते उभं राहीपर्यंत पाण्याला तोंड लावलं नाही. भिंतीवर साठ-सत्तर माणसं होती, कॅमेऱ्याचा एक आवाज आला नाही.

एटोशातल्या आणि सेसरिएमच्या जागा फार लवकर भरतात. जूनसाठी आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच त्या पक्क्या करा, आणि त्या हातात आल्यावरच विमानाची तिकिटं काढा.